छापखान्याच्या दगडातलं पीस

एकच धडा दिवसातून दोनदा शिकवला की माणसाचं काय होतं, ते मला विचारा. सकाळी मराठीच्या वर्गाला, दुपारी कानडीच्या वर्गाला, आणि मी स्वतः शिकलेला उर्दूतून. हैदराबादला कॉलेजात असताना बेडकाच्या काळजापासून सूर्यमालेपर्यंत सगळं विज्ञान मी उर्दूत घोकलं होतं. शिकून बाहेर पडलो आणि अठ्ठेचाळीस साल आलं. निजामाचं राज्य गेलं. हुमनाबादच्या शाळेत मास्तर म्हणून रुजू झालो, तर वरून हुकूम, की आता मुलांना त्यांच्या त्यांच्या भाषेत शिकवा. हुकूम काढणाऱ्याचं काय जातं? पुस्तकं नव्हती, शब्द नव्हते. पहाटे उठून मी उर्दू पुस्तक पुढ्यात घ्यायचो आणि एका वहीत मराठी, दुसरीत कानडी असा धडा उतरवून काढायचो. आमचं घर हळ्ळीखेडचं, लिंगायताचं. अव्वाशी, म्हणजे आईशी, कानडी, गल्लीत मराठी, त्यामुळं दोन्ही भाषा तोंडात होत्या, आणि म्हणूनच दोन्ही वर्ग माझ्या गळ्यात पडले.

तीन वर्षांत मी पार थकलो. वय तिशीच्या आत, पण वर्गात शिरताना पाय ओढत न्यावे लागायचे. स्वभाव मुळातच तापट, त्यात हा शीण. पोरं मला घाबरून असायची आणि मला त्याचंही काही वाटेनासं झालं होतं. हैदराबादला परत जायचं, एवढं एकच डोक्यात घोळायचं. तिथं माझे जुने प्रोफेसर होते, प्रयोगशाळा होती, आणि एक गोष्ट एकदाच सांगितली की भागायचं.

त्या अख्ख्या पुस्तकात मला मनापासून आवडणारा असा एकच धडा होता, पक्ष्यांचा. पक्षी मुळात आले कुठून, तर सरपटणाऱ्या प्राण्यांतून. पुस्तकात चित्र होतं, खाली नाव होतं आर्किऑप्टेरिक्स. कावळ्याएवढा जीव. अंगावर पिसं, पंख पक्ष्याचेच. पण जबड्यात दात, पंखाला तीन नख्या, आणि मागं सरड्यासारखी मणक्यांची लांब शेपटी. जर्मनीत बव्हेरियाकडं चुनखडीच्या खाणी आहेत, तिथं दगडाचे पापुद्रे सुटे करताना तो सापडला. आधी नुसतं एक पीस. मग एक सांगाडा, तो लंडनला गेला. मग दुसरा, चांगला दातांसकट, तो बर्लिनला. सगळ्या जगात पुरावा म्हणून एवढंच, पण तेवढ्यावर शहाण्या माणसांना मानावं लागलं, की ही कोंबडी, हा कावळा, ही चिमणी एके काळी जमिनीवर सरपटणाऱ्यांची नातलग होती.

हे मी मराठीच्या वर्गाला सांगत होतो, तर पुढच्या बाकावरची एक पोरगी उठून उभी राहिली.

"सर, पाखराला दात व्हते हे कुणी बघितलंय?"

"दगडात बघितलंय," मी म्हणालो.

"असल्या दगडात?" तिनं पायाखाली बोट दाखवलं.

वर्गात शहाबादी फरशी होती, आमच्याकडं सगळीकडं असते तशी. तिच्या पायाजवळच्या फरशीवर खरोखरच काळपट झाडासारखी नक्षी होती, फांद्या, डहाळ्या, सगळं काही. झालं, अख्खा वर्ग वाकून बघायला लागला. मी चिडलो. म्हणालो, तो नुसता डाग आहे. चिरेतून पाणी झिरपतं आणि दगडाला असं रंगवून ठेवतं. त्यात जीव कधीच नव्हता, फसू नका. फसू नका, असं मी त्या पोरांना सांगितलं होतं, हे इथं मुद्दाम लिहून ठेवतो.

दगड नाही तर नाही, निदान कोंबडीची हाडं तरी दाखवू, असं मनात आलं. आजच्या पक्ष्याची शेपटीची हाडं कशी आखडून एकत्र झालीत, पंखात तीन बोटं कशी लपलीत, हे हातात धरून दाखवता आलं असतं. पण मी लिंगायत. कोंबडीचं हाड आणायचं कुठून? आमच्या घरात अंड्याचं टरफलसुद्धा कुणी बघितलं नव्हतं.

शाळेच्या मागच्या गल्लीत पत्थराचा छापखाना होता. तिथं शिशाच्या अक्षरांचे खिळे नसायचे. गुळगुळीत दगडावर तेलकट शाईनं लिहायचं, दगड ओला करायचा, मग शाईचा रूळ फिरवायचा. ओल्या जागी शाई बसत नाही, लिहिलेल्यावर तेवढी बसते, आणि वर कागद ठेवून दाबला की उमटतं. उर्दूची छपाई तेव्हा बहुतेक अशीच व्हायची. छापखाना चालवणारे उस्ताद साठीच्या पुढचे. ते कातिब होते, म्हणजे सुंदर अक्षरात लिहून देणारे, आणि छापायचेही तेच. जहागीर होती तोवर कचेरीचे सगळे फॉर्म त्यांच्याकडूनच जायचे. जहागीर गेली, उर्दू गेली, काम गेलं. अठ्ठेचाळीस साली फौजेच्या कारवाईनंतर आमच्या भागात मुसलमानांवर जे गुजरलं, त्यात त्यांचा थोरला मुलगा गेला. ते त्याबद्दल बोलत नसत आणि मी कधी विचारलं नाही. विचारायला मला तोंड नव्हतं.

मी त्यांच्याकडं जाऊन कोंबडीच्या हाडांची गोष्ट काढली.

"मास्तरसाब, लिंगायताच्या पोरानं येऊन माझ्याकडं कोंबडी मागितली. आता मला काय बी बघायचं राहिलं न्हाई."

"कोंबडी नको, उस्ताद. हाडं पाहिजेत."

"म्हंजे खायची आमी आन् अभ्यास करायचा तुमी," ते म्हणाले आणि आतल्या दाराकडं तोंड करून बीबींना हाक मारून सांगितलं.

आठ दिवसांनी चाचींनी, म्हणजे त्यांच्या बीबींनी, सगळी हाडं उकळून, राखेनं घासून, उन्हात वाळवून एका फडक्यात बांधून दिली. एक बोट कमी नव्हतं. ती मी शाईच्या रिकाम्या डब्यात घालून शाळेच्या कपाटात ठेवली. हे अव्वाला हळ्ळीखेडला कुणी सांगितलं देव जाणे. रविवारी घरी गेलो तर तिनं मला उंबऱ्याच्या बाहेरच थांबवलं, अंगोळ केल्याशिवाय गळ्यातल्या लिंगाला हात लावशील तर बघ, म्हणाली, आणि चूल पेटवून पाणी तापवायला गेली. मी त्या दिवशी भरदुपारी दोनदा अंगोळ केली.

हाडांचे आभार मानायला मी पुस्तक घेऊन छापखान्यात गेलो. तो दातवाला पक्षी उस्तादांना दाखवला, आणि तो कुठल्या दगडात सापडला ते सांगितलं. बव्हेरियाचा दगड, पिवळट, गुळगुळीत, पापुद्र्या-पापुद्र्यानं सुटणारा, आणि तो खाणीतून काढायचे तेच मुळी फरशीसाठी नाहीतर पत्थराच्या छपाईसाठी. हे सांगताना माझंच लक्ष गेलं, की मी कुठं उभा आहे.

उस्ताद हळूच म्हणाले, "माझे दगड समदे जर्मनीचेच हायेत. वालिद मुंबईहून घेऊन आलते."

मग त्यांनी वडलांच्या त्या दगडांपैकी कोपऱ्यातल्या एकावरचं गोणपाट बाजूला केलं.

आता हे सांगायच्या आधी एक गोष्ट सांगायला पाहिजे. आमच्या तालुक्यात कचेरीच्या छापील फॉर्मला खाली एक कोपरा मोकळा असायचा, पानाच्या विड्याएवढा. तिथं अंगठा लावायचा, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. कचेरीतला कारकूनसुद्धा "कोपऱ्यात लाव" एवढंच म्हणायचा. जमिनीचा अर्ज असो की बैलाच्या चोरीची तक्रार, अंगठा कोपऱ्यात. मला वाटायचं हा सरकारी नियम आहे. उस्तादांनी गोणपाट काढलं आणि मला दिसलं, की कचेरीचे फॉर्म ज्याच्यावर निघायचे त्या दगडाच्या कोपऱ्यात काहीतरी आहे, आणि ते वाचवायला म्हणून तेवढी जागा ते कायम कोरी सोडत आले होते.

"मग अंगठ्याची जागा?" मी विचारलं.

"कसली जागा? तिथं अंगठा लावा म्हणून मी कवा लिवलंय? जागा मोकळी दिसली, लोकं लावाय लागले. कचेरीवाल्यांला बी बरं वाटलं."

कोपऱ्यातली ती खूण करंगळीएवढी होती, तपकिरी रंगाची. मधून एक बारीक रेघ, आणि तिच्या दोन्ही बाजूंना केसासारख्या तिरक्या रेषा दाटीनं लागलेल्या. टोकाकडून निम्म्याच्या पुढंपर्यंत स्वच्छ दिसायची, आणि खाली देठाकडं दगडात बुडाल्यासारखी नाहीशी व्हायची. ते पीस होतं. मी आजही म्हणतो ते पीस होतं, पण माझ्या म्हणण्याला आता काय किंमत आहे?

उस्तादांना ते पीस वाटत नव्हतं. त्यांना ते कलम वाटायचं, पूर्वीच्या लोकांचं पिसाचं असतं तसं. दगडावर एकदा छापून झालं की वाळू-पाणी घालून तो घासतात, जुनं लिखाण जातं आणि दगड नव्या कामाला तयार होतो. तरुणपणी एकदा असा घासतानाच ही खूण वर आली होती. "कुदरतनं ठेवलेलं कलम," ते म्हणाले. "मी कातिब माणूस. कलमावर रेती कशी फिरवू?" बाकीचे दगड ते एकावर एक ठेवून झटक्यात घासायचे. हा एकटा दगड मात्र हातात लहान दगड घेऊन, कोपरा चुकवत, गुडघ्यावर बसून. तीस वर्षं. तो कोपरा बाकीच्या दगडापेक्षा जरासा उंच राहिला होता, म्हणून दाबाच्या पुठ्ठ्याचा तेवढा तुकडा त्यांनी कापून टाकला होता. एवढा खटाटोप, आणि कुणाला सांगितलेलंही नाही.

मी दुसऱ्या दिवशी कावळ्याचं एक पीस घेऊन गेलो आणि त्या खुणेशेजारी ठेवलं. उडणाऱ्या पक्ष्याच्या पंखातल्या पिसाची एक झालर अरुंद असते आणि दुसरी रुंद. खुणेचीही तशीच होती. मी बसून प्रोफेसरांना पत्र लिहिलं, चार पानी, उर्दूत. किती वर्षांनी मी काहीतरी कंटाळा न येता लिहीत होतो.

पंधरा दिवसांत उत्तर आलं. त्यात लिहिलं होतं, की झालरीचं निरीक्षण चांगलं आहे, पण देठ दिसल्याशिवाय कुणी त्याला पीस म्हणणार नाही. पान असेल, दगडात झिरपलेला डाग असेल. आणि खरोखर पीस निघालं तर त्यांच्या प्रयोगशाळेत एक जागा रिकामी होत होती, ते माझं नाव पुढं करणार होते. ते पत्र मी इतक्यांदा वाचलं की घडीवर फाटायला आलं. निदान मला तसं वाटलं, की मी ते वाचलं.

शनिवारी शाळा सुटल्यावर मी छापखान्यात गेलो. उस्तादांना सांगितलं, ह्याचा देठ आत गेलाय, पीस दगडात तिरपं बसलंय, वरचा जरासा थर घासला की देठ वर येईल. आणि देठ वर आला की मी हैदराबादला जाईन.

"जायचंच हाय का?" त्यांनी विचारलं.

"उस्ताद, मी इथं मरायलोय," मी म्हणालो. खरंच तसंच म्हणालो. ज्या माणसाचा मुलगा गेलाय त्याच्यापुढं मी हे म्हणालो.

ते दगडाजवळ बसले, खुणेवरून हात फिरवला. मग म्हणाले, "आधी मी कागदावर उतरवून घेतो. रेघ न् रेघ. एकदा घासलं की परत येत न्हाई, मास्तरसाब. माझा जलम ह्याच्यात गेला."

"अर्धं काय उतरवायलाव? अख्खं दिसू द्या, मग उतरवा."

"एक घडीचं काम हाय."

"अंधार पडायच्या आत झालं पाहिजे. कामून टाइम घालवायलाव?" मी आवाज चढवला. वर्गात चढवायचो तसाच.

त्यांनी माझ्याकडं बघितलं, आणि शाईची दौत परत बाजूला ठेवली. तुम्ही शिकलेले, असं काहीतरी ते म्हणाले. मग बारीक वाळू घेतली, पाणी शिंपडलं आणि तीस वर्षांत पहिल्यांदा त्या कोपऱ्यावर दगड फिरवला.

मी तांब्यानं पाणी घालत होतो. चार हात फिरवले, धुतलं. काही फरक नाही. पुन्हा फिरवले, धुतलं. मधली रेघ देठाकडं थोडी पुढं सरकली होती. मी खूश झालो. अजून, म्हणालो. तिसऱ्या वेळेला धुतलं तेव्हा देठ दिसला. अगदी स्पष्ट, शेवटी जाड होत गेलेला, कावळ्याच्या पिसाचा असतो तसाच, पोकळ. मी वाकून बघत राहिलो, आणि मग लक्षात आलं की वरचं टोक कुठंय?

वरचं टोक गेलं होतं. साधी गोष्ट होती, कुठल्याही घासणाऱ्या पोराला कळेल अशी. तिरपं बसलेलं खालून वर यायचं म्हणजे वरचं झिजूनच जायचं. दोन्ही एका वेळेला दिसणारच नव्हतं. उस्तादांचा हात थांबला होता. तेव्हा तरी मी शहाणं व्हावं की नाही? टोक गेलं, झालर गेली, पण देठ होता, तेवढा उतरवून घेतला असता. मी म्हणालो, अजून एक हात फिरवा, देठाखाली आणखी काही असेल. मला काय झालं होतं कुणास ठाऊक. त्यांनी विचारलं, "नक्की?" मी म्हणालो, "घासा हो, उस्ताद."

चौथ्या वेळेला पाणी टाकलं तेव्हा दगड कोरा होता. पिवळट, गुळगुळीत, एका पातळीत. छापायला उत्तम.

आम्ही दोघं बसून राहिलो. वाळूचं पाणी नाल्याकडं वाहत होतं, आणि माझ्या डोक्यात आलं की ते त्या पाण्यातच आहे, आता चाललंय. मी खोलीवर गेलो आणि प्रोफेसरांचं पत्र काढलं. देठाच्या वाक्याच्या खालीच दुसरं वाक्य होतं. दगडाला हात लावू नका, आहे तसा घेऊन या. त्यांनी त्याच्याखाली रेघसुद्धा ओढली होती. वीस वेळा पत्र वाचून मला नोकरी तेवढी दिसली होती.

सोमवारी सकाळी पहिल्या तासाला मी शाळेत गेलो नाही. छापखान्यात गेलो. आणि आता जे सांगतो ते मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. मी उस्तादांना म्हणालो, तुमच्या हाताला तीस वर्षांची आठवण आहे. ती खूण रोज बघत होता. तपकिरी शाई पातळ करा आणि त्या कोपऱ्यात जशीच्या तशी काढा, टोकापासून देठापर्यंत. तुमच्यासारखा हात अख्ख्या जिल्ह्यात नाही. कुणाला कळणार नाही.

ते एक लग्नाची पत्रिका लिहीत होते. त्यांनी कलम खाली ठेवलं.

"मास्तरसाब, मी जनमभर दुसऱ्याचं लिवलं. खरं असू की खोटं, त्यांनी दिलं तसं लिवलं. पर कुणी दिलंच न्हाई, ते म्या कवा लिवलं न्हाई."

"मग मी काय करू?"

"ते मला कसं कळावं?" ते म्हणाले. रागानं नाही, खरंच कळत नसल्यासारखं. मग पत्रिकेकडं बघत, "तीस वरीस मी त्याला धक्का लावला न्हाई. तुमी म्हणलाव म्हणून लावला."

एवढंच ते बोलले. त्यानंतर कधी त्या गोष्टीचा उच्चार नाही, टोमणा नाही. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मी मात्र आयुष्यभर पोरांवर ओरडलो.

प्रोफेसरांना मी खरं तेच कळवलं. त्यांचं दोन ओळींचं उत्तर आलं, की वाईट झालं, पण अशा खुणा बहुधा डागच निघतात, मनाला लावून घेऊ नका. ती जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. मी दुसऱ्या दिवशी सकाळी मराठीच्या वर्गाला उष्णतेचं वहन शिकवलं आणि दुपारी कानडीच्या वर्गाला.

त्यानंतर महिनाभरात उस्तादांना कचेरीचं काम आलं, नव्या मराठी फॉर्मचं; उर्दू गेल्यावर ते मराठी अक्षरही लिहायला लागले होते. मजकूर भरगच्च होता, आणि आता दगड सपाट होता, म्हणून त्यांनी तो कोपऱ्यापर्यंत लिहून छापून दिला. आठ दिवसांत गठ्ठा परत आला. लोक अंगठा कुठं लावू म्हणून कारकुनाचं डोकं खायला लागले होते. कुणी मजकुरावरच उठवला होता, कुणी पाठीमागं. ठाणाकुशनूरहून आलेल्या एका म्हाताऱ्यानं तर हा फॉर्म खोटा आहे म्हणून कचेरीतच बसकण मारली. उस्तादांनी दगड घासला आणि पुन्हा सगळं नव्यानं लिहिलं, बारीक अक्षरात, दाटीवाटीनं, कोपरा मोकळा सोडून.

मी तेव्हा तिथंच होतो. हात कोपऱ्यापाशी आला की ते आपोआप वळायचे, जसे तीस वर्षं वळत होते.

छप्पन साली हैदराबाद राज्याचे तुकडे झाले. आम्ही म्हैसूर राज्याकडं गेलो आणि कचेरीचे फॉर्म बेंगळूरहून कानडीत छापून यायला लागले. अंगठ्याला चौकट आखलेली. उस्तादांची मुलगी हैदराबादला दिली होती, ती आई-वडलांना घेऊन गेली. गंमत बघा, हैदराबादला जायचं होतं मला, आणि गेले ते. जायच्या आधी त्यांनी हातगाडीवर घालून तो दगड माझ्या खोलीवर पाठवला. सोबत चिठ्ठी नव्हती. वर्षभरात ते वारल्याचं कळलं.

नोकरी संपल्यावर मी हळ्ळीखेडला परत आलो, आणि दगडही आणला. एवढा गुळगुळीत दगड बायको वाया घालवणारी नव्हती. तिनं तो न्हाणीत बसवून घेतला. गेली कित्येक वर्षं आम्ही त्याच्यावर बसून अंगोळ करतो. मी बसतो तो एक कोपरा सोडून. बायको सुरुवातीला विचारायची, कामून असं अवघडून बसायलाव, तिथं काय काटे हायेत? मी म्हणायचो, सवय आहे. मग तिनं विचारायचं सोडून दिलं.

परवा नातीला अंगोळ घालत होतो. सुनेला बरं नव्हतं म्हणून माझ्याकडं काम आलं. पोर पाच वर्षांची, एका जागी ठरत नाही. न्हाणीभर पाणी उडवत नाचत होती, दगडावर चढत होती, उतरत होती. पण त्या कोपऱ्यावर तिनं एकदाही पाय दिला नाही. तिथं आली की पाय उचलून पलीकडं टाकायची.

मी विचारलं, "का गं, तिथं कामून पाय ठिवत न्हाईस?"

तिनं त्या कोऱ्या कोपऱ्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"तिथं न्हाई ठेवायचा," ती म्हणाली, आणि डोक्यावर पाणी घाल म्हणून मान खाली केली.